कातळाला वय विचारताना: रत्नागिरी ते रिवण, चार दिवस

बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण कुठेही गेलं की जमिनीकडे बघायची नजर तीच. कोकणातल्या कातळशिल्पांबद्दल, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांबद्दल, ते गेली दोन वर्षं वाचत होते आणि वाचून झालं की माझ्यावर चिडत होते. "एक म्हणतो दहा हजार वर्षं, दुसरा म्हणतो वीस हजार, तिसरा चाळीस. अरे, मोजलं कुणी? कशानं मोजलं?" शेवटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी रजा टाकली आणि म्हटलं, चला, विचारूनच येऊ.

सामानात बाबांनी तीन गोष्टी घेतल्या: तीस मीटरचा टेप, पितळी होकायंत्र आणि रकाने आखलेली वही. गाव, आकृती, लांबी, रुंदी, दिशा, वय, शेरा.

पहिला दिवस: उक्षी आणि जांभरूण

पहाटेच्या गाडीनं रत्नागिरीला उतरलो. आधी ठरवलेली गाडी आलीच नाही, फोनही उचलला नाही. दोन तास स्टेशनबाहेर गेले. मुक्कामाच्या घरच्या काकांनी त्यांच्या भाच्याला गाडीसकट पाठवलं आणि पुढचे चारही दिवस तोच आमच्याबरोबर राहिला. पुढे त्याला नुसतं 'भाचा' म्हणते, कारण बाबाही त्याला तसंच म्हणायला लागले.

उक्षीला सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, चढल्यावर आधी काहीच दिसत नाही. पिवळं पडलेलं गवत, काळा कातळ, लांब कुठे तरी चरणाऱ्या गायी. मग एकदम गोल चिऱ्याचं बांधकाम दिसतं, त्यावर उभं राहून खाली बघायचं. गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन केलेलं हे संरक्षण, कोकणातल्या अगदी सुरुवातीच्या अशा कामांपैकी. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, ऊन डोक्यावर. खाली कातळच कातळ. इथे कोरलेला हत्ती कुठाय? भाचा म्हणाला, "काका, सोंड बघा आधी." सोंड सापडली आणि मग पाठ, पाय, सगळा हत्ती एका दमात उमटला. त्यानंतर तो न दिसणं अशक्य झालं.

ही पहिली शिकवण, आणि ती वेळापत्रकाची आहे: दुपारी जाऊ नका. रेषा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर खोल असतात. सूर्य तिरका असला की खाचेत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. आम्ही पहिल्याच ठिकाणी चुकलो, म्हणून सांगते.

जेवायला परत आलो. काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि सोलकढी. वाढता वाढता काकूंनी विचारलं, "दगडावरची चित्रं बघायला पुण्याहून?" मग स्वतःच म्हणाल्या, "आमच्या लहानपणी आम्ही त्यावर बसून चिंचा खायचो."

चारनंतर जांभरूण. इथे एक नाही, पन्नासेक आकृत्या एकाच कातळावर पसरल्यात: माणसं, चौपायी प्राणी, मासे. सावल्या लांब व्हायला लागल्या तसे एकेक प्राणी जागे झाल्यासारखे वर येत होते. बाबा चप्पल काढून कडेकडेनं फिरत होते. कोणत्या आकृतीनं कोणती कापली आहे का, हे ते शोधत होते. जमिनीच्या नकाशातही नवी हद्द जुनीवरून जाते, तेव्हा कोणती आधीची ते कळतं. शैलचित्रांच्या अभ्यासात नेमकी हीच पद्धत आहे. वरची रेषा नंतरची, खालची आधीची. त्यातून वय कळत नाही, फक्त क्रम कळतो. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांच्या भिंतींवर एकावर एक इतकी चित्रं आहेत की क्रम लावता येतो. जांभरूणच्या माणसांनी मात्र एकमेकांच्या चित्रांना जागा सोडली आहे. सभ्य लोक असावेत, पण आमची पंचाईत करून गेले.

ही शिल्पं जगापुढे आली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या लोकांनी गावोगाव, सडा सडा तुडवल्यामुळे. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, गुराख्यांना विचारायचं, शाळेतल्या पोरांना विचारायचं, अशी ती शोधमोहीम. चित्रं हरवलेली नव्हतीच, ती कुणाची तरी चिंचा खायची जागा होती.

दुसरा दिवस: कशेळी आणि देवाचे गोठणे

सकाळी सहाला निघालो. कशेळीचा हत्ती या सगळ्या भागातला सर्वांत मोठा, सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर. आकडा वाचून काही वाटत नाही. बाबा बाहेरच्या बाजूनं पावलं टाकत गेले, सोंडेपासून शेपटीपर्यंत पंचवीस. एवढ्या लांबीचं चित्र काढणाऱ्याला ते काढताना पूर्ण दिसतच नसणार, वरून बघायला इथे झाडही नाही. तरी प्रमाण चुकलेलं नाही. आणि हत्तीच्या पोटात आणखी प्राणी, पक्षी, मासे. त्यात पाकटासारखा पसरट मासा आहे. तो भाच्यानं एका नजरेत ओळखला, मी पाच मिनिटं त्याला पतंग समजत होते.

इथे उभं राहून पश्चिमेला बघितलं आणि बाबांनी दिवसभर पुरेल असा प्रश्न काढला. हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणाच्या किनाऱ्यापुढचा समुद्रतळ उथळ आणि लांबवर पसरलेला आहे. म्हणजे तेव्हाचा किनारा इथून कित्येक मैल पलीकडे. "मग हा पाकट त्यानं पाहिला कुठे?" एक तर हे लोक दूरच्या समुद्रापर्यंत जात-येत होते किंवा समुद्र जवळ आल्यानंतर, म्हणजे बऱ्याच उशिरा, हे चित्र कोरलं गेलं. हा पुरावा नव्हे, आमची दोघांची सड्यावरची चर्चा आहे. पण वयाचा अंदाज बांधताना अशाच गोष्टी जोडाव्या लागतात.

प्राण्यांवरून बांधलेले अंदाजही असेच. कोकणातल्या काही शिल्पांत गेंडा ओळखला गेला आहे. आज इथे गेंडा नाही, म्हणून शिल्प फार जुनं, असं चटकन म्हटलं जातं. पण गुजरातेत लांघणजच्या मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचं हाड सापडलंय, म्हणजे पश्चिम भारतात तो बऱ्याच उशिरापर्यंत होता. शेतीचं एकही चित्र या सड्यांवर नाही, हा मुद्दा मला जास्त जड वाटतो. नांगर नाही, पेरणी नाही. कोरणारे शिकारी आणि मासे धरणारे होते, असं त्यातून दिसतं. मात्र 'नाही' यावर किती भार टाकायचा? आमच्या घरच्या भिंतीवरच्या एकाही फोटोत स्वयंपाकघर नाही, म्हणून आम्ही जेवत नव्हतो असं थोडंच आहे.

कशेळीतच कनकादित्याचं देऊळ आहे. हे सूर्याचं देऊळ, सागवानी खांब, गार गाभारा. तिथे शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट आहे, शके १११३, म्हणजे इसवी सन ११९१. राजाचं नाव, साल, सगळं धातूवर खोदलेलं. बाबांचा चेहरा खुलला. "बघ, याला म्हणतात दप्तर." एकाच गावात आठशे वर्षांपूर्वीची तारीख अचूक मिळते आणि हत्तीला विचारलं तर तो गप्प.

तो का गप्प, हे मी तिथेच देवळाच्या पायरीवर बसून त्यांना समजावलं, कारण ही गोष्ट मलाही उशिरा कळली होती. रंगवलेल्या चित्रात काहीतरी लावलेलं असतं. कोळसा लावला असेल तर त्यातल्या कार्बनवरून वय काढता येतं, फ्रान्समधल्या शोव्हे गुहेतल्या कोळशाच्या चित्रांचं वय असंच छत्तीस हजार वर्षांच्या आसपास निघालं. चुनखडीच्या गुहेत चित्रावर पाझरून कॅल्साइटचा पापुद्रा बसला तर त्यातल्या युरेनियम-थोरियमवरून पापुद्र्याचं वय मिळतं आणि चित्र त्याहून जुनं असणार हे नक्की होतं. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या एका गुहेतलं डुकराचं चित्र असंच किमान ५१,२०० वर्षांचं ठरलं, ही २०२४ सालची गोष्ट. इथे मात्र काही लावलेलंच नाही, उलट काढून टाकलंय. जांभ्याचा चुरा काढला, तो पहिल्याच पावसात वाहून गेला. उरली ती रिकामी खाच. रिकाम्या जागेचं वय कशानं काढणार? वर उघडा सडा, दरवर्षी कोसळणारा पाऊस, कसला पापुद्रा टिकणार?

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे खड्ड्याचा सात-बारा."

दुपारी आडिवऱ्यात जेवून (कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, तळलेला बांगडा, आणि ताटातला उकडीचा मोदक न मागता) देवाचे गोठणे गाठलं. भार्गवरामाच्या देवळावरून सड्यावर चढ आहे, पाणी सोबत असूद्या, वर काही मिळत नाही. इथे कातळावर एक मानवाकृती आहे आणि तिच्याजवळ होकायंत्राची सुई भरकटते, अशी ख्याती. बाबांनी पितळी होकायंत्र काढलं. सुई खरोखर हलली. इकडे ठेवलं की इकडे, हातभर सरकवलं की तिकडे. भाच्यानं मोबाइलवर बघितलं, तिथेही तेच.

एक पर्यटक कुटुंब आधीच आलं होतं. त्यातले गृहस्थ म्हणाले, "त्या काळच्या लोकांना इथली चुंबकीय शक्ती कळली होती, म्हणूनच हे इथे कोरलं." बाबांनी होकायंत्र मिटलं आणि शांतपणे विचारलं, "पण त्यांच्याकडे होकायंत्र होतं का?" गृहस्थ हसले, पण त्यांना ते आवडलं नाही हे दिसत होतं.

जांभ्यात लोह भरपूर. अशा दगडावर वीज पडली तर तो स्थानिक पातळीवर चुंबकित होऊ शकतो, हे ज्ञात आहे. उघड्या सड्यावर विजा पडणार नाहीत तर कुठे पडतील? आकृतीचा आणि सुईचा संबंध असेलही, पण तो दाखवायला आसपासचा सगळा सडा मोजावा लागेल, जिथे आकृती नाही तिथेही. बाबांना ते करायची फार इच्छा होती. अंधार पडायला लागला म्हणून ओढून आणलं.

तिसरा दिवस: बारसू, मग कुडोपी

रात्री पाऊस आला. डिसेंबरात! आडिवऱ्याचे यजमान ओटीवर उभे राहून आकाशाला शिव्या देत होते, कारण आंब्याला मोहोर यायचे दिवस. ढगाळ हवा, त्यात अवकाळी, म्हणजे तुडतुडे आणि फवारणीचा खर्च. आम्हाला मात्र सकाळी लॉटरी लागली. बारसूच्या सड्यावर पोहोचलो तर खाचांमधे पाणी साचलं होतं आणि वर निवळलेलं आकाश. रेषा पांढऱ्या लकाकत होत्या. मधे माणूस, दोन्ही बाजूंना वाघ.

मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही दोन वाघांमधला माणूस आहे, ही तुलना तुम्ही वाचली असेल. मीही वाचली होती आणि ते चित्र मोबाइलवर घेऊन गेले होते. शेजारी धरून बघितल्यावर सारखेपणा खरंच दचकवतो. पण त्यातून वय काढायचं तर कुणी कुणाकडून घेतलं हे आधी माहीत हवं. वाघांच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला दोन वाघ आणि मधे आपण, हे स्वप्न कुणी शिकवावं लागत नाही.

हा सडा २०२३ साली तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या सर्वेक्षणावरून झालेल्या आंदोलनामुळे वर्तमानपत्रांत होता. त्याआधी, २०२२ मधे, कोकणातल्या नऊ ठिकाणांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. आठ महाराष्ट्रातली, एक गोव्यातलं. बारसू त्यात आहे. संभाव्य यादी म्हणजे दारात चपला काढून बसणं, अजून आत बोलावलेलं नाही. सड्यांना खरा धोका मला रोजचा वाटतो: चिरेखाणी आणि कलमांसाठी लावलेले सुरुंग. येताना वाटेत खाणींचे चौकोनी खड्डे दोन्ही बाजूंना होते. लोकांना घर बांधायला चिरा लागतो, हेही खरंच आहे.

पोर्तुगालमधल्या कोआ खोऱ्याची गोष्ट मी भाच्याला गाडीत सांगितली. तिथे उघड्यावरच्या दगडांवर प्राणी कोरलेत आणि खाली धरण होणार होतं. नव्वदच्या दशकात तज्ज्ञ बोलावले, तर त्यांच्यातच जुंपली. कुणी म्हणे हिमयुगातलं, कुणी म्हणे अगदी अलीकडचं. धरण १९९५ मधे थांबलं, आणि उत्तर नंतर मातीनं दिलं: एक कोरीव दगड अश्मयुगीन थरांखाली गाडलेला सापडला. थर मोजता येतो, म्हणून त्याखालचं चित्र त्याहून जुनं. कोकणात असं व्हायला कातळावर माती टिकायला हवी. म्हणूनच अभ्यासक आसपास शोधतात. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेतल्या उत्खननात दगडी हत्यारं मिळाली, त्यावरून या भागात माणूस फार पूर्वीपासून होता एवढं कळतं. पण हत्यार इथलं, चित्र तिथलं. दोन्ही एकाच हातचं, हे जोडणारा दुवा मधे मोकळाच. भाचा म्हणाला, "म्हणजे संशयित सापडला, पण घटनास्थळी नाही." हा मुलगा गुन्ह्याच्या मालिका बघतो.

दुपार गाडीत गेली, त्याबद्दल काही नाही. मालवण तालुक्यातल्या कुडोपीला पावणेपाचला पोहोचलो. वाट दाखवायला गावातले एक आजोबा आले, वय ऐंशीच्या घरात, चाल आमच्या पुढे. "खंयसून इलात?" पुणे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जणू पुण्याचे लोक असंच काहीतरी करणार. इथे ऐंशीहून जास्त आकृत्या आहेत आणि मधली मोठी आकृती अनेकांना मातृदेवता वाटते. आजोबांना विचारलं, हे कुणी काढलं? "आमचो आजो सांगी, पांडवांनी एका रातीत काडल्यानी." मग जरा थांबून, "आजो तसो लय थापा मारी."

मला ते उत्तर अभ्यासकांच्या बऱ्याच उत्तरांपेक्षा प्रामाणिक वाटलं. आकृतीला नाव दिलं की आपण तिच्याकडे बघणं थांबवतो. भीमबेटकातच २०२१ मधे छतावरच्या एका पानासारख्या ठशाला पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा जीवाश्म म्हणून जाहीर केलं होतं. दोन वर्षांनी कळलं, ते मधमाश्यांचं जुनं पोळं होतं. तेही पुरातत्त्वज्ञ विष्णु वाकणकरांनी १९५७ पासून जगापुढे आणलेल्या, हजारो लोक बघून जातात अशा ठिकाणी.

चौथा दिवस: पणसायमळ, गोवा

मडगाव, केपे, रिवण. रिवणला मिरची आणि पाव-पातळभाजी खाऊन कुशावती नदीकाठी उतरलो. पणसायमळ किंवा उसगाळीमळ. नाव दोन, जागा एकच. सड्याऐवजी इथे नदीकाठची सपाट जांभा शिळा, वर झाडं, गारवा. गावकऱ्यांनी दाखवल्यावर १९९३ मधे पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी ही पाहिली. तोवर गुराख्यांनी रिकामपणी काढलेली चित्रं अशीच समजूत होती. बैल, गवे, हरणं, नाचणारी बाई, आणि एकात एक वर्तुळांचा चक्रव्यूह.

पुराच्या गाळानं रेषा भरतात. तिथला तरुण कॅनमधून नदीचं पाणी आणून ओततो. "उदक घालचें पडटा, मागीर दिसता." पाणी रेषेतून धावत गेलं आणि चक्रव्यूह आपला आपण रेखला गेला. असाच नमुना ग्रीसमधे पायलॉसला सापडलेल्या, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवर आहे. त्यावरून काय ते ठरवू नका, बारसूत म्हटलं तेच. बाबांनी हवेतच बोट फिरवत बाहेरून आत जायचा प्रयत्न केला, चौथ्या वळणावर चुकले, पुन्हा पाणी ओतायला लावलं. तीनदा.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याला पैसे द्या. बऱ्याच जागा खासगी जमिनीत आहेत, एकटं शिरू नका. आकृतीवर चपला घालून उभे राहू नका. फोटोत उठून दिसावं म्हणून खडू किंवा चुना भरणारे महाभाग आम्हाला दोन ठिकाणी दिसले. पुढे कधी त्या खाचेतून काही शोधायचं झालं तर तो चुना आड येणार. साधं पाणी पुरतं. टोपी, दोन लिटर पाणी, आणि सड्यावर मोबाइलची रेंज गृहीत धरू नका. पावसाळ्यात सडा फुलांनी भरतो, सुंदर दिसतो, पण शिल्पं पाण्याखाली.

रात्रीची गाडी मडगावहून. भाच्याला निरोप देताना बाबांनी त्याला टेप देऊन टाकला. गाडीत ते झोपल्यावर मी वही उघडून बघितली. लांबी-रुंदी सगळी भरलेली. वयाच्या रकान्यात सातही ओळींना आडवी रेघ. देवाचे गोठणे यापुढे दिशेच्या रकान्यात 'सुई स्थिर नाही', आणि शेऱ्यात त्यांच्या सरकारी अक्षरात एकच शब्द: फेरमोजणी.